चारही कोपरे दिसतील एवढा पडदा

सुरतेतल्या कॉम्प्युटरचं पोट उघडलं की तो कुठल्या वस्तीतून आलाय ते मला कळायचं. रिंग रोडच्या ऑफिसातला असेल तर आत काळपट, चिकट धूळ. बमरोली किंवा पांडेसऱ्याकडच्या घरातला असेल तर पंख्याभोवती सुताच्या तुसाची मऊ गादी जमलेली. एम्ब्रॉयडरीची मशिनं शेजारी असली तर त्या गादीत मधूनच गुलाबी, पोपटी धागे. ती गादी मी ब्रशनं हळूच सोडवायची आणि क्षणभर हातात धरून बघायची. कापसासारखी हलकी. आख्खी गल्ली वर्षभर श्वास घेत होती आणि तिचा श्वास या डब्यात साचला, असं काहीतरी मनात यायचं. मग शिंक यायची आणि मी कामाला लागायची.

उधना दरवाज्याजवळच्या एका मार्केटात, पहिल्या मजल्यावर, मी सव्वीस वर्षं दुकान चालवलं. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणं आणि नवे जमवून देणं, हा धंदा. गेल्या वर्षी दुकान पुतणीच्या हवाली केलं. सुरुवातीला लोक दारातून डोकावून विचारायचे, "बेन, मिस्तरी क्यां छे?" मिस्तरी कुठंय? मी स्क्रू ड्रायव्हर वर करून दाखवायची. काही परत जायचे. जे थांबले ते पुढे आपल्या मुलांनाही माझ्याकडेच घेऊन आले.

घरच्या गेमिंग कॉम्प्युटरचं काम मला सगळ्यात आवडायचं. ऑफिसचा माणूस येतो तो नाइलाजानं येतो. गेम खेळणारा येतो तो काहीतरी मनात धरून येतो. त्याचं मशीन जुनं झालेलं असतं, चित्र अडखळत असतं, आणि त्याला वाटत असतं की एखादा पार्ट बदलला की झालं. तसं होत नाही. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही. मदरबोर्ड नवा घेतला तर जुनी रॅम त्याच्या खाचेत जात नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र काढणारा पार्ट. ते दमदार घेतलं तर जुना पॉवर सप्लाय त्याला वीज पुरवू शकत नाही. एक गोष्ट ओढली की मागून सगळी माळ येते. काय ठेवायचं, काय काढायचं आणि कुठे हात सैल सोडायचा, हे सांगणं म्हणजे आमचं कसब. बाकी स्क्रू कुणीही पिळतो.

आणि तरीही चुकायचं. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका बाईंच्या मुलाचं मशीन मी नवं करून दिलं. जुनं इतकं तापायचं की त्यावर हात ठेवता येत नव्हता. नवं थंडगार चालायचं, मी खूश. आठवड्यानं बाई तक्रार घेऊन आल्या. त्या हिवाळ्यात त्या मशीनच्या मागे दह्याचं पातेलं ठेवत असत. आता दही लागत नव्हतं. मी हसले, त्याही हसल्या. पण जाताना म्हणाल्या, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

ते वाक्य मी तेव्हा मनावर घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. भास्करआप्पांच्या बाबतीत तीच चूक मी पुन्हा केली, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये कलर मास्टर होते. व्यापारी कापडाचा तुकडा आणून देतो, म्हणतो हाच रंग हजारो मीटरवर पाहिजे. कुठला रंग किती टाकायचा, ते कलर मास्टर ठरवतो आणि रंगून आलेलं कापड नमुन्याशी जुळलं की नाही, हेही तोच सांगतो. त्यानं हो म्हटल्याशिवाय गाडी भरत नाही. आप्पा हे काम तीस वर्षं करत होते.

चार वर्षांपूर्वी, एका दुपारी, ते आणि त्यांच्या पत्नी इंदूबाई दुकानाचा जिना चढून आले. आप्पांच्या खांद्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेलं मशीन होतं. दहा-अकरा वर्षांपूर्वी मीच त्यांच्या मुलाला जमवून दिलेलं. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, लॅपटॉप घेऊन गेला, आणि हे घरी राहिलं.

"आता कोण वापरतं?" मी विचारलं.

आप्पा जरा ओशाळले. इंदूबाईंनीच उत्तर दिलं. "हे वापरतात. घोडा फिरवतात."

झालं होतं असं. मुलगा गेल्यावर एक दिवस आप्पांनी सहज मशीन चालू केलं. पडद्यावर मुलाचा अर्धवट सोडलेला गेम उघडला. एका टेकडीवर एक घोडेस्वार उभा होता आणि गवत वाऱ्यानं हलत होतं. आप्पा बराच वेळ बघत बसले. नुसतं गवत हलत होतं. "मी म्हटलं, पोरगा तर गेला. हा घोडा इथं किती दिवस उभा राहणार बिचारा," ते मला म्हणाले. म्हणून त्यांनी बटणं दाबून बघितली, आणि घोडा चालायला लागला.

त्या गेममध्ये लढाया होत्या, दरोडे होते, धावपळ होती. आप्पा त्यातलं काहीही करत नसत. रोज कामावरून आले की चहा घेऊन ते घोडा चालवत न्यायचे. डोंगरातून, नदीकाठानं, पिकलेल्या शेतांमधून. धुकं पडायचं, उतरायचं. कुठे झोपडी दिसली की थांबायचे. गेमच्या गोष्टीतली सगळी कामं तशीच पडून होती आणि हा घोडेस्वार वर्षानुवर्षं नुसता फिरत होता.

"मग बिघडलं काय?"

"तेच कळत नाही, रेखाताई. चित्रात ठिपके येतात. आणि झाडं एकदम उगवतात."

"म्हणजे?"

"रस्ता मोकळा असतो आणि डावीकडे एकदम झाड उभं. माणूसही तसाच उगवतो. पूर्वी असं नव्हतं." ते थोडं थांबले. "मशीनचंच आहे ना हे? एवढं फक्त नक्की सांगा."

मी हसून म्हटलं, मशीनचंच. जुन्या मशीनमध्ये असं होतंच. ग्राफिक्स कार्ड थकलं की लांबची झाडं ते वेळेवर काढू शकत नाही. तुम्ही जवळ पोचता आणि मग ते घाईघाईनं काढतं. मी त्यांचं कार्ड तपासलं. ठिपके मलाही दिसत होते, रंगीत, पाऊस पडल्यासारखे. कार्ड गेलं होतं. मी ते काढलं आणि माझ्या टेबलावरचं चांगलं कार्ड तात्पुरतं बसवलं. गेम सुरू केला. चित्र नितळ आलं. दूरच्या डोंगरापर्यंत एकेक झाड स्वच्छ उभं होतं.

"चालवा आता," मी म्हटलं.

आप्पांनी घोडा चालवायला घेतला. मी त्यांच्या मागे उभी होते. रस्त्याच्या डाव्या कडेला एक मोठं सुकलेलं झाड होतं. ते मला केव्हापासून दिसत होतं. घोडा हळूहळू त्याच्याकडे जात होता. झाड अगदी शेजारी आलं तेव्हा आप्पा म्हणाले, "हे बघा. आत्ता उगवलं."

मी पडद्याच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. "आप्पा, समोरच बघा. मान वळवू नका. माझं बोट दिसतं?"

"कुठंय बोट?"

मी बोट मधे सरकवत आणलं. बरंच आत आल्यावर ते म्हणाले, "आता दिसलं."

इंदूबाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. "काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. काय झालं, हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलंच होतं. आप्पा पडद्याकडेच बघत होते. घोडा झाडापाशी थांबून राहिला होता.

मी मशीन दुरुस्त करणारी बाई. पण त्या दिवशी मी म्हटलं, "मशीन इथंच राहू द्या. आधी डोळे दाखवून या. आजच."

"मिलमध्ये कळलं तर..." आप्पा एवढंच म्हणाले.

नंतर त्यांनी सगळं सांगितलं. दोन-तीन महिन्यांपासून निळ्या-हिरव्यातला फरक त्यांना दगा देत होता. एक माल परत आला होता. त्यांनी रंगाच्या पावडरीला दोष दिला, मग रंग जुळवायच्या पेटीतल्या ट्यूबलाइटला. ट्यूबलाइट बदलून घेतल्या. आणि घरी येऊन घोड्यावर बसले की झाडं उगवायची, तेव्हा त्यांना बरं वाटायचं. कारण मग वाटायचं, बिघडलंय ते मशीन.

काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, जे गेलं ते परत येणार नाही. थेंब घालत राहा, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. कडेचं दिसणं आधी जातं, ते हळूहळू आत सरकत येतं. माणसाला जाणवतही नाही, कारण मन रिकाम्या जागा आपणच भरून टाकतं.

आप्पा तिथली तपासणी मला सांगत होते तेव्हा त्यांच्या आवाजात गंमत होती. "एका गोल भांड्यात तोंड घालायला लावलं. म्हणाले, ठिपका दिसला की बटण दाबा. गेमच होता तो, ताई. मी हरलो."

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याबद्दल मला आजही त्यांचा अभिमान वाटतो. ते सरळ शेठकडे गेले आणि म्हणाले, माझ्या डोळ्यांवर आता रंग पास करू नका. शेठ भला माणूस. त्यानं आप्पांना मालाच्या गोदामावर बसवलं. तीस वर्षं ज्यांच्या एका 'हो'वर गाड्या भरायच्या, ते आता कापडाचे ताके मोजायला लागले. पण आप्पा म्हणायचे, "चुकीच्या रंगाला हो म्हणून गेलो असतो तर ते जास्त लागलं असतं."

दोन महिन्यांनी ते एकटेच आले. म्हणाले, "आता मशीन करा. चांगलं करा. डोळे आहेत तोवर बघून घेतो."

आम्ही दोघं यादी करायला बसलो. जुन्यातलं काय ठेवायचं? डबा ठेवला. हार्ड डिस्क अर्थातच ठेवली, कारण घोडा त्यात होता. "घोडा तोच पाहिजे," हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी आधी त्या गेमची सगळी नोंद दोन वेगळ्या जागी उतरवून ठेवली, मगच पुढच्या कामाला हात लावला. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम ही माळ नवी घ्यावी लागली. पॉवर सप्लाय नवा. ग्राफिक्स कार्ड मी महागाचं सुचवलं, तर ते म्हणाले, "महाग कशासाठी?"

"घोडा जोरात पळाला तरी चित्र तुटत नाही."

"मी पळवत कुठं? मी चालवत नेतो."

म्हणून कार्ड मधलं घेतलं. वाचलेलं सगळं मी पडद्यात घातलं. मनाशी म्हटलं, माणसाचं दिसणं कमी होतंय, तर त्याला जेवढं मोठं देता येईल तेवढं देऊ. बत्तीस इंचांचा पडदा आणला. बमरोलीला त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी जाऊन स्वतः बसवला. चालू केला तेव्हा भिंतभर डोंगर उभे राहिले. बाहेर मागांचा खडखडाट चालू होता आणि आत त्या एवढ्याशा खोलीत गवताचं माळरान पसरलं होतं. आप्पा म्हणाले, "वा, ताई." इंदूबाईंनी गोड शिरा केला. मी घरी जाताना स्वतःवर फार खूश होते.

मी विचारलं नव्हतं. काय खेळता, हे विचारलं होतं. तुम्हाला कसं दिसतं, हे विचारलं नव्हतं.

पाच महिने गेले. श्रावणात इंदूबाईंनी कानबाई देवीच्या उत्सवाचं बोलावणं केलं. आमच्या खानदेशी लोकांत कानबाई बसते त्या दिवशी सुरतेतल्या बमरोली-पांडेसऱ्याच्या गल्ल्या गावासारख्या होतात. रोट भाजल्याचा वास आणि बायकांची गाणी. मी दर्शन घेतलं, जेवले, आणि दुपारी आतल्या खोलीत जरा टेकायला गेले. तिथं एक गोष्ट दिसली. पडदा टेबलावर होता, पण खुर्ची टेबलापाशी नव्हती. ती पार पलीकडे, स्वयंपाकघराच्या दारात होती. तिथून टेबलापर्यंत जमिनीवरून एक लांबलचक वायर गेली होती, तिच्या टोकाला घोडा चालवायचा रिमोट.

"खुर्ची इथं का?" मी इंदूबाईंना विचारलं.

त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "ते तिथूनच खेळतात. जवळ बसलं तर म्हणे घोड्याचं तोंड दिसतं, शेपूट दिसत नाही. एवढा मोठा पडदा. बघायला मान सारखी इकडून तिकडे फिरवावी लागते. मग मान दुखते. मग लांब बसले. लांबून सगळा दिसतो, पण बारीक बारीक. मला येता-जाता खुर्ची ओलांडावी लागते ते वेगळं."

मला तेव्हा कुठं उमगलं. आप्पांचं दिसणं अंधुक झालं नव्हतं, अरुंद झालं होतं. नळीतून बघावं तसं. नळीतून बघणाऱ्यासमोर मी हत्ती आणून ठेवला होता.

आप्पा आले तेव्हा मी विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही इतक्या हौसेनं आणला," ते म्हणाले. "आणि लांबून वाईट नाही दिसत. गावाकडच्या ओट्यावरून डोंगर बघावा तसं."

मला रडू आलं असतं. मी त्याऐवजी पेपर मागितला. कालचा पेपर होता. आप्पांना टेबलाशी, खुर्ची जिथं असायला हवी तिथं बसवलं. पेपर पूर्ण उघडून पडद्याच्या जागी धरला. "समोर मधे बघा. मान हलवू नका. चारही कोपरे दिसतात?"

"एकही नाही."

पेपर अर्धा दुमडला. "आता?"

"वरचे दोन."

पुन्हा दुमडला. मग थोडा थोडा आत मोडत गेले. बाहेर गाणी चालू होती. इंदूबाई दारात उभ्या होत्या आणि आप्पा पेपरच्या मध्यावर नजर लावून, श्वास धरून बसले होते. एका घडीला ते म्हणाले, "थांबा. आता चारही दिसले."

तो दुमडलेला पेपर मी पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवसापासून तो घेऊन बाजारात फिरले. दुकानदार मोठे पडदे दाखवायचे, मी पेपर काढून त्यांच्यापुढे धरायची. एक जण म्हणाला, "रेखाबेन, आटलो नानो तो हवे कोण ले?" आता एवढा लहान कोण घेतं? खरंच होतं. नव्यात त्या मापाचे होते ते ऑफिसचे, स्वस्त, रंग फिके. आणि हा माणूस रंगांचा होता. त्याला उरलेल्या खिडकीत फिका रंग मी कशी देणार होते?

शेवटी तो मला रिंग रोडच्या कापड मार्केटात मिळाला. तिथं साड्यांचे नक्षे कॉम्प्युटरवर काढणारी ऑफिसं आहेत. त्यांना पडद्यावर दिसेल तोच रंग कापडावर यावा लागतो, म्हणून ते रंगाला खरे पडदे वापरतात. एका ऑफिसनं मोठे घेतले होते आणि जुने लहान कोपऱ्यात ठेवले होते. पेपर लावून बघितला. बोटभर उरला, तेवढाच.

तो पडदा बसवायला गेले त्या दुपारी आप्पांनी कपाटातून एक जाड वही काढली. तीस वर्षांतले कापडाचे तुकडे तिच्यात डकवलेले, प्रत्येकाखाली त्यांच्या अक्षरात रंगाचं नाव. मोरपिशी, रामा, जांभूळ, अबोली, गहू, चटणी, फिरोजी. मी पडद्यावर एकेक रंग आणायची आणि ते तुकडा शेजारी धरायचे. निळ्या-हिरव्याला इंदूबाईंची साक्ष काढायचे. "कमी करा. अजून. लाल चढलाय. हां, बस." खिडकीतून येणारं ऊन सरकत सरकत भिंतीवर गेलं. आमचं बोलणं कमी कमी होत गेलं. आप्पा तुकडा धरायचे, मी बटण दाबायची, ते मान हलवायचे. मला वाटतं, ते त्या दुपारी रंगांना एकदा नीट भेटून घेत होते. मी सव्वीस वर्षांत इतक्या सावकाश कुठलंच काम केलं नाही.

मोठा पडदा परत घेतल्यानं जे पैसे सुटले, त्यात मी दोन चांगले स्पीकर आणले. एक डावीकडे, एक उजवीकडे, त्यांच्या कानांच्या रेषेत. तोवर ते पडद्याच्याच बारीक स्पीकरवर भागवत होते. आवाजाकडे गेम खेळणारे लोक सहसा शेवटी बघतात, मीही तसंच करत आले होते.

गेम सुरू झाला. आप्पा टेबलाशी, आपल्या जागी बसले. चारही कोपरे त्यांना दिसत होते. घोडा निघाला. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी घोडा थांबवला.

"डावीकडे नदी आहे," ते म्हणाले.

पडद्यावर नदी नव्हती. नुसती झाडी होती. मी कान दिले. डाव्या स्पीकरमधून पाण्याचा बारीक आवाज येत होता.

त्यांनी घोडा डावीकडे वळवला. झाडी मागे पडली आणि नदी समोर आली. नंतर मी बघत राहिले. पक्षी डावीकडून ओरडला की ते आधीच तिकडे वळायचे. गाडी मागून आली की घोडा बाजूला घ्यायचे. आता झाडं उगवत नव्हती. ती येणार हे त्यांना वाऱ्याच्या सळसळीवरून आधी कळत होतं.

त्यानंतर मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला यादी करण्याआधी विचारत आले. कुठे बसता? किती लांबून बघता? ऐकू कसं येतं? पोरं वैतागायची. त्यांना फक्त कार्डाचा नंबर ऐकायचा असायचा.

थेंबांनी आप्पांना तीन वर्षं दिली. पण गेल्या थंडीत ती नळी फारच बारीक झाली. आता समोरच्या माणसाचा चेहराही त्यांना तुकड्या-तुकड्यानं दिसतो. गोदामाचं काम सुटलं. मला वाटलं होतं मशीन बंद पडून असेल. मुलगा म्हणत होता की ते पुण्याला पाठवून द्या. मी मागच्या महिन्यात एका दुपारी गेले, तेवढ्यासाठीच. म्हटलं, पाठवायचं असेल तर नीट बांधून देईन.

दारातूनच घोड्याच्या टापांचा आवाज आला.

आप्पा खुर्चीत बसले होते, डोळे मिटून, हात मांडीवर. रिमोट इंदूबाईंच्या हातात होता. पदर खोचून, जीभ जरा बाहेर काढून, त्या घोडा चालवत होत्या. मला बघून लाजल्या. "यांना चालवता येत नाही आता. मग मीच नेते. दुपारची कामं झाली की जरा वेळ."

"काय दिखस?" आप्पांनी डोळे न उघडता विचारलं. काय दिसतंय.

"पानी."

"कोनतं?"

इंदूबाईंनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. गेममध्ये संध्याकाळ होत होती. नदी रुंद होती आणि उथळ, तळाचे गोटे दिसत होते, आणि सगळ्या पाण्यावर उतरतं ऊन पडलं होतं. त्या म्हणाल्या, "पिवळं."

आप्पांचं समाधान झालं नाही. "रेखाताई, तुम्ही सांगा. कसलं पिवळं?"

कोट्यवधी रंग दाखवणारे पडदे मी विकले आहेत, हा आकडा गिऱ्हाइकाला तोंडपाठ सांगितला आहे. पण त्या पाण्याला नाव देता येईना. मी म्हटलं, "पिकल्या गव्हासारखं."

"छे," इंदूबाई म्हणाल्या. "गहू कोरडा असतो. बारडोलीला आपण गेलो होतो ना, तिथं गुऱ्हाळात चुलवणावर काहील होती, तसं. रस उकळून गूळ व्हायच्या आधी असतो तसं."

आप्पांचा चेहरा सैल झाला. "हां," ते म्हणाले. "मग मधे ने. पाण्यात."

इंदूबाईंनी घोडा नदीत घातला. टापांचा आवाज बदलला, पाणी उडायला लागलं. मधोमध गेल्यावर त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. घोडा तसाच उभा राहिला. दूर कुठेतरी पक्षी बोलत होते, आणि खिडकीबाहेर माग चालू होते. काही वेळानं घोड्यानं आपण होऊन मान खाली घातली.

"अहो," इंदूबाई हलकेच म्हणाल्या, "घोडा पानी पी रायना. मी काही दाबं नही."

"माहीत शे," आप्पा म्हणाले. "माले ऐकू येस."

घोड्याचं पाणी पिऊन होईपर्यंत आम्ही तिघंही तसेच बसून राहिलो.